आधी सर्व्होचा आर्म, मग मेनू

चि. ऋचास,


तुझ्या ट्रेनर विमानाचे फोटो पाहिले. बाल्सा अगदी मन लावून घासला आहेस. आता रेडिओ बसवायचा आहे, आणि तू विचारलंस की सर्व्हो थोडे वाकडे बसले तर ट्रान्समीटरमधून सब-ट्रिम देऊन सरळ करता येतात ना? येतात, पण तसं करू नकोस. मेनूने दोष झाकला जातो, जात नाही.

काहीही सुरू करण्याआधी मोटरचा प्रोपेलर काढून ठेव. याला अपवाद नाही. मग ट्रान्समीटर आधी चालू कर, बॅटरी नंतर जोड. सगळे ट्रिम शून्यावर आण आणि सर्व्हो आपोआप मध्यावर येऊन थांबला की मगच आर्म बसव. तो पुशरॉडशी काटकोनात हवा. नेमका काटकोन जुळत नाही तेव्हा बहुतेक जण सब-ट्रिमकडे वळतात. त्याऐवजी चार हातांचा आर्म घे. सर्व्होच्या दांड्याला 25 दाते असतील तर 25 ला चाराने भाग जात नाही, म्हणून आर्मचा प्रत्येक हात पाव दात्याच्या, म्हणजे 3.6 अंशांच्या फरकाने बसतो. चारही हात लावून बघ, एक तरी जवळजवळ अचूक बसेल. उरलेले तीन कापून टाक. राहिलेला बारीक फरक क्लेव्हिस फिरवून पुशरॉडची लांबी बदलून काढ. सब-ट्रिम फार दिलास तर मधला बिंदूच सरकतो आणि एलिव्हेटर जितका वर जातो तितका खाली जात नाही.

हालचाल जास्त होत असेल तरी हाच नियम. मेनूत टक्केवारी निम्म्यावर आणलीस तर सर्व्हो आपल्या फिरण्यातला जेमतेम अर्धा भाग वापरतो आणि बारीक नियंत्रण हातचं जातं. त्यापेक्षा पुशरॉड सर्व्होच्या आर्मवर आतल्या छिद्रात आणि एलिव्हेटरच्या हॉर्नवर बाहेरच्या छिद्रात घाल. हालचाल कमी होईल, जोर वाढेल आणि जोडातली ढिलाईही कमी जाणवेल.

सर्व्होच्या कानांत रबरी बुशिंग असतील तर त्यांतल्या पितळी नळ्या खालून घाल, रुंद कड लाकडावर टेकली पाहिजे. स्क्रू रबर चेपेपर्यंत आवळू नकोस.

रिसीव्हरला फोममध्ये गुंडाळ. 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची असते, म्हणून अँटेनाच्या टोकाची उघडी तार साधारण 31 मिलिमीटर, म्हणजे तिच्या चौथ्या हिश्शाची असते. काम करतो तो हाच भाग, तो वाकवू नकोस की कापू नकोस. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेव, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी नीट ऐकते. तुझ्या पंखातल्या कार्बनच्या नळीपासून आणि बॅटरीपासून त्या लांब असू देत.

सर्व्हो कोणत्या दिशेने हलतात ते विमानाच्या मागे उभी राहून तपास. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन वर गेलं पाहिजे. ही चूक जमिनीवर सहज सुटून जाते आणि चाकं उचलताच विमान जातं, म्हणून प्रत्येक वेळी बघ, काल उडवलं असलंस तरी. फेलसेफमध्ये, म्हणजे सिग्नल तुटल्यावरच्या सेटिंगमध्ये, थ्रॉटल पूर्ण बंद ठेव आणि ट्रान्समीटर बंद करून मोटर थांबते का पाहा.

मैदानावर प्रोपेलर लावलास की दादाला विमान मागून घट्ट धरायला सांग आणि रेंज टेस्टच्या कमी शक्तीवर साधारण तीस पावलं लांब जा. एकदा मोटर बंद ठेवून, एकदा चालू ठेवून स्टिक हलव. मोटर चालू असताना सर्व्हो थरथरले तर उडवू नकोस. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि रिसीव्हर एकमेकांपासून लांब कर आणि पुन्हा टेस्ट घे.

पंख लावण्याआधी आतला एक फोटो पाठव, अँटेना दिसतील असा.

तुझा,
मामा