परवाना मिळाल्यानंतरचा अभ्यास
(द्वितीय वर्ष, कला)

खोपोलीला बोरघाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर पावसाळ्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो, "वर धुकं हाय का?" घाट उतरून आलेला ड्रायव्हर उत्तर देतो आणि चढणारा त्याप्रमाणे थांबतो किंवा निघतो. माझे काका टेम्पो चालवितात. वीस वर्षांचा परवाना असलेल्या माणसाने काय विचारायचे, म्हणून एकदा ते न विचारताच निघाले आणि धुक्यात कठड्यावर आदळले. थोडक्यात वाचले. तेव्हापासून ते विचारतात.

स्वतःचे विमान बाळगून ते स्वतः चालविणाऱ्या हौशी वैमानिकांविषयी वाचताना मला ही टपरी आठवली. आमच्या घरी विमान म्हणजे डोक्यावरून जाणारा आवाज, एवढीच ओळख. तेव्हा हे लिहिणे थोडे धाडसाचेच आहे.

विमान कंपनीच्या वैमानिकाची ठराविक मुदतीने परीक्षा होते. खाजगी विमानाचा मालक मात्र स्वतःच चालक आणि स्वतःच साहेब. "आज जाऊ नका" असे त्याला कोण सांगणार? धोका इथेच आहे. ढगात क्षितिज दिसेनासे होते आणि कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय माणसाला फसविते. विमान एका कुशीवर कलत जाते, पण त्याला वाटते आपण सरळच चाललो आहोत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ साली उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना, बाहेरचे काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून विमान चालवायला दिले. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, आणि तोही सरासरी १७८ सेकंदांत! अध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव १६ जुलै १९९९ रोजी रात्री धुरकट हवेत समुद्रावरून जाताना आपल्या विमानासह असेच बुडाले. परवाना त्यांच्याजवळ होता.

म्हणून अमेरिकेत अशा वैमानिकाला दर २४ महिन्यांनी शिक्षकापुढे निदान एक तास जमिनीवर आणि एक तास आकाशात उजळणी करावी लागते. या उजळणीत नापासाचा शेरा नाही. समाधान होईपर्यंत शिक्षक सही करीत नाही, एवढेच. (आपल्या विद्यापीठाने याचा विचार करावा!) मला अधिक आवडली ती १९७६ पासूनची दुसरी प्रथा. वैमानिक आपली चूक आपण होऊन 'नासा' या संस्थेला कळवितो, त्याचे नाव काढून टाकले जाते आणि चूक तेवढी सर्वांना वाचायला मिळते. ही खोपोलीची टपरीच झाली.

आपल्याकडे मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मध्ये जुहूला सुरू झाला. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला परवाना मिळाला. त्याच वर्षी आगाखानांनी इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या भारतीयासाठी बक्षीस लावले. टाटा कराचीहून आपले जिप्सी मॉथ घेऊन निघाले. अस्पी इंजिनियर हा सतरा वर्षांचा मुलगा उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबूकीरला टाटा उतरले, तर अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडलेला. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग त्याला दिला. अस्पी काही तासांच्या फरकाने जिंकला, आणि १९६० मध्ये हवाई दलाचा प्रमुख झाला. टाटा मात्र हौशीच राहिले. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी कराची ते जुहू हे आपले १९३२ चे टपालाचे उड्डाण लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकट्याने केले. परवान्यानंतर त्रेपन्न वर्षांनी हे जमते, ते हात चालू ठेवल्यामुळे.

आमच्या तालुक्यात विमानाचा मालक नाही. पण घाट चढून गेले की कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे भेटतात. त्यांचे 'विमान' पाठीवरच्या पिशवीत मावते. तेही टेकडीवर उभे राहून आधी उडालेल्याकडे पाहतात आणि वारा बिघडला तर मुकाट्याने पिशवी बांधतात.

हे सारे मी काकांना सांगितले. ते टेम्पो पुसत होते. प्लगच्या गोष्टीशी त्यांचा हात थांबला.

"आपला प्लग दिला आन् हा मागं राहिला?"

"हो."

"मग इंजिन बंद पडल्यालं पोरगं काय तिथंच टाकून जायचं?" असे म्हणून ते पुन्हा काच पुसू लागले.