गळका क्लच : घरच्या घरीं दुरुस्ती

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां बैलगाडीच्या जागीं जीप अथवा माल वाहणारी लहान मोटार उभी असते. गाडीचा आंख कुरकुरूं लागला तर वंगण घालावें, हें पोरासोरांसही ठाऊक असतें. परंतु मोटारीच्या क्लचचें पेडल एकाएकीं भुईला टेकलें, म्हणजे भल्याभल्यांची मति गुंग होते. मग तेलाच्या डबींत तेल ओतून वेळ मारून नेण्यांत येते. आम्हींही तेंच केलें, आणि तेंही चुकीचें तेल ओतून.

प्रथम रचना ध्यानांत घ्यावी. पेडल दाबलें कीं वरच्या सिलिंडरांतील दट्ट्या तेल पुढें ढकलतो. तें नळीवाटें गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलिंडरांत जाऊन तेथील दट्ट्यास रेटतें, व तो क्लचचा कांटा हालवितो. दट्ट्यांवर वाटीच्या आकाराचीं रबरें असतात. तीं झिजलीं कीं तेल गळतें.

पेडलचा दांडा जेथें पत्र्यांतून पुढें जातो तेथें बोट फिरवावें. ओलें लागल्यास दोष वरच्या सिलिंडराचा. खालच्या सिलिंडराच्या टोकाची रबरी टोपी उचलतांच तेल ओघळलें, तर दोष खालच्याचा. सर्वत्र कोरडें असून दाबून धरलेलें पेडल हळूहळू बुडत असेल, तर बहुधा वरच्याचें रबर आंतल्या आंत तेल सोडीत आहे. कित्येक नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या पोटांतच असतो; घरीं त्याच्या वाटेस जाऊं नये.

आतां आमची चूक. बाजारचा दिवस, माल भरलेला. घाईंत आम्हीं डबींत इंजिनाचें तेल ओतलें. थोड्याच दिवसांत रबरें भिजल्या हरभऱ्यासारखीं फुगलीं आणि पेडल दाबलेलें वर येईना. एका रबराचें काम होतें, तेथें दोन्ही सिलिंडर खोलावे लागले व रबरी नळीही बदलावी लागली. क्लच व ब्रेक यांची डबी कित्येक गाड्यांत एकच असते. आमची तशी असती तर काय प्रसंग ओढवला असता, हें सांगावयास नको. डबीच्या झांकणावर डॉट ३ वा डॉट ४ असें जें लिहिलें असेल तेंच ब्रेक ऑईल, तेंही नव्या सीलबंद डब्यांतील, घालावें. उघड्या डब्यांतील तेल हवेंतील ओलावा शोषतें.

खालचा सिलिंडर सोडविण्यापूर्वीं गाडीच्या चाकांस दगड लावावे, व गाडी उचलावी लागल्यास केवळ जॅकवर विसंबून खालीं शिरूं नये. दट्ट्या काढून सिलिंडराची आंतली भिंत उजेडांत पाहावी. तीवर खांचा किंवा गंजाचे खड्डे दिसले तर नवें रबर टिकणार नाहीं. सिलिंडरच नवा घ्यावा. भिंत गुळगुळीत असेल तर ताज्या ब्रेक ऑईलनेंच धुवावी, रॉकेल किंवा पेट्रोल लावूं नये. नवें रबर त्याच तेलांत बुडवून, वाटीचें तोंड तेलाच्या बाजूस ठेवून बसवावें. उलटें बसलें तर सारे श्रम फुकट.

शेवटीं हवा काढणें. खालच्या निपलास पारदर्शक नळी लावून तिचें टोक तेल घातलेल्या बाटलींत बुडवावें. एकानें पेडल दाबून धरावें, दुसऱ्यानें निपल सैल करावें व पेडल सोडण्यापूर्वीं पुन्हा आवळावें. बुडबुडे थांबेपर्यंत हें चालू ठेवावें. पेडल वर न आल्यास हातानें उचलावें. मध्यंतरीं डबी रिकामी पडूं दिली, कीं आरंभापासून सारें पुन्हा. निपल पोकळ असतें; जोर केल्यास तुटतें.

हें तेल रंग उडवितें, म्हणून सांडल्याबरोबर पाण्यानें धुवावें. तें विषारी असल्यानें काढलेलें तेल गोठ्याजवळ किंवा विहिरीच्या कडेस ओतूं नये. रात्रीं सिलिंडराखालीं कोरा कागद घालून ठेवावा. सकाळीं तो कोरडा निघाला, तरच गाडींत माल भरावा.