नासपतीच्या आकाराचे अणुकेंद्र

शालेय पुस्तकांत अणूचे केंद्र वाटोळ्या ठिपक्याने दाखविलेले असते. प्रत्यक्षात सर्वच अणुकेंद्रे वाटोळी नसतात. काही खारकेप्रमाणे लांबट, तर काही थाळीप्रमाणे चपटी असतात. ज्या संशोधनामुळे या विरूपित आकारांचा उलगडा झाला, त्याबद्दल ऑगे बोर, बेन मॉटेल्सन व जेम्स रेनवॉटर या शास्त्रज्ञांना १९७५ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एक टोक रुंद व दुसरे निमुळते, असा नासपतीसारखा आकार मात्र दुर्मिळ होय. काही जड अणुकेंद्रांत तो असावा, असा तर्क होता. त्याचा पडताळा घेणे सोपे नव्हते. नेहमीच्या पद्धतीत अभ्यासावयाचा पदार्थ स्थिर ठेवून त्यावर वेगवान कणांचा मारा करतात. परंतु रेडॉन-२२० ची निम्मी अणुकेंद्रे एका मिनिटाच्या आत, तर रेडियम-२२४ ची चार दिवसांच्या आत क्षय पावतात. असा पदार्थ साठवून त्यावर प्रयोग करणे दुरापास्तच!

म्हणून शास्त्रज्ञांनी ही रीत उलट केली. जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेच्या ‘आयसोल्ड’ प्रयोगशाळेत युरेनियम कार्बाइडवर प्रोटॉनांचा मारा केला जातो. त्यातून निर्माण होणाऱ्या नानाविध अणूंतून हवा तो प्रकार वेगळा काढून त्यास पुन्हा वेग देतात. हीच किरणोत्सर्गी शलाका होय. प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८ टक्के वेगाने ती निकेल व कथील यांच्या पातळ पत्र्यांवर सोडण्यात आली. येथे अणुकेंद्रे एकमेकांवर आदळत नाहीत. जवळून जाताना विद्युत् बलामुळे ती उत्तेजित होतात व गॅमा किरण बाहेर टाकतात. या किरणांची ऊर्जा व प्रमाण मोजून अणुकेंद्राचा आकार ठरविता येतो.

लिव्हरपूल विद्यापीठाचे पीटर बटलर यांच्या नेतृत्वाखालील गटाने २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रेडियम-२२४ चे केंद्र कायमचे नासपतीच्या आकाराचे आढळले. रेडॉन-२२० चे केंद्र केवळ स्पंदन पावताना त्या आकाराकडे झुकते. रेडॉन-२२४ व २२६ यांचीही स्थिती तशीच असल्याचे २०१९ साली दिसून आले.

या आकाराचे एवढे महत्त्व का? विश्वाच्या आरंभी द्रव्य व प्रतिद्रव्य समप्रमाणात निर्माण झाले असेल, तर दोहोंनी परस्परांचा नाश करावयास हवा होता. तरीही द्रव्य उरले आणि त्यातूनच आपली पृथ्वी घडली. याचे कारण निसर्गनियमांतील एखाद्या सूक्ष्म विषमतेत असावे. अशा विषमतेमुळे अणूतील धन व ऋण विद्युत्भारांची मध्यस्थाने किंचित विलग व्हावीत, अशी अपेक्षा आहे. नासपतीसारख्या केंद्राच्या अणूंत हा परिणाम शेकडो पटींनी अधिक जाणवेल, असे गणित सांगते. तो अद्याप आढळलेला नाही. परंतु त्याच्या शोधासाठी रेडॉनपेक्षा रेडियमचे अणू अधिक आशादायक आहेत, हे या प्रयोगांमुळे स्पष्ट झाले.

फळ्यावर वाटोळा ठिपका काढताना ही केवळ सोयीची आकृती आहे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांस अवश्य सांगावे.