पोरीचा सामना आणि बापाचं तोंड

कोल्हापूरच्या पेठेत वाढलेल्या माणसाला फुटबॉल गप्प बसून बघता येत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल यांतली एखादी तालीम जन्मतःच वाट्याला येते आणि तिच्यासाठी शाहू स्टेडियमवर घसा बसवणं हेही ओघानं आलंच. मीही त्यातलाच. अडचण सुरू झाली ती लेक शाळेच्या संघातून खेळायला लागल्यावर. चेंडू तिच्या पायात, समोर दोनच पोरी. मी ओरडलो, "मार!" त्याच क्षणी पलीकडून तिचे सर "पास, पास" म्हणत होते. ती थांबली, मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तेवढ्यात चेंडू गेला. "आता नेमकं काय करू?" असं विचारणारा तो चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतरच्या दोन हंगामांत चुकतमाकत जी पद्धत बसली, ती लिहितो.

हंगामाआधी

पहिलं काम बुटांचं. आपल्याकडे शाळेचा गणवेश घेतो तसे बूटही वाढत्या अंगाचे घेतात, पुढं कापूस कोंबून वर्ष काढायचं म्हणून. फुटबॉलला हे चालत नाही. पाय आत सरकतो, टाचेला फोड येतात आणि पोर पळताना लंगडतं. संध्याकाळी दुकानात जा (पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो), खेळायचे मोजे घालून बूट चढवा, अंगठ्यापुढं जेमतेम बोटभर जागा ठेवा. आपली मैदानं टणक, तेव्हा रबरी खुंट्यांचेच बूट घ्या. नवे बूट आधी सरावात चार दिवस वापरा, थेट सामन्यात नको. शिनपॅड नियमानंच बंधनकारक आहेत, ती पूर्ण मोज्याखाली झाकलेली हवीत. चेंडू साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा, आठ ते बारा चार नंबरचा आणि त्यापुढं पाच नंबरचा. मोठ्यांचा पाच नंबर लहान पोराला आणून देण्यात कौतुक काही नाही. तो जड लागतो, मग पोर पायाच्या टोकानं ढकलायला शिकतं.

दुसरं काम कागदांचं. जन्मदाखला खराच द्या. वय दोन वर्षांनी कमी दाखवून खालच्या गटात खेळवायचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. पुढच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात. पकडलं गेलं की घरी बसायची वेळ पोरावर येते, सल्ला देणारा कुठल्या कुठं असतो.

तिसरं, स्वतःच्या मनातलं गणित एकदा मांडून टाका. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. छाती फुगली ती बरोबरच. पण अख्ख्या देशातून त्या संघात जागा होत्या एकवीस. आपलं पोर बाविसावं निघेल, दोनशेवं निघेल किंवा दहावीनंतर बूट टांगून ठेवेल. या तिन्ही गोष्टी चालणार असतील तरच पुढचं वाचा.

आदली रात्र आणि सकाळ

पिशवी पोरानंच भरायची. तुम्ही दारात उभं राहून फक्त विचारायचं, "शिनपॅड?" एकदा विसरले आणि राखीव खेळाडूंत बसावं लागलं, की पुन्हा विसरत नाहीत.

खाणं सामन्याआधी दोन-अडीच तास. पोहे, उपमा, इडली, नाहीतर पोळी-भाजी. अर्धा तास आधी भूक लागलीच तर केळं. मिसळ सामना संपल्यावर. कोल्हापुरात राहून हे लिहायला लागतं याचं वाईट वाटतं, पण कट पोटात घेऊन कुणी पळून दाखवावं. पाणी घरापासूनच थोडं थोडं सुरू करा. मार्च-एप्रिलच्या उन्हात बाटलीत लिंबू, साखर आणि चिमटीभर मीठ घातलं तर उत्तम. पोर लाल होऊन चक्कर येते म्हणालं, तर सावलीत आणा, बूट-मोजे काढा, मानेवर, काखेत ओला पंचा ठेवा. बरळायला लागलं किंवा नीट बोलेना, तर अंगावर पाणी मारत थेट दवाखाना.

मैदानावर

उभं कुठं राहायचं, यावर अर्धं काम भागतं. गोलच्या मागं नको. तिथून निघालेला प्रत्येक शब्द गोलकीपरच्या कानात पडतो आणि ते पोर आधीच घाबरलेलं असतं. सरांच्या शेजारीही नको. त्यांच्या समोरच्या बाजूला, रेषेपासून चार-पाच पावलं मागं.

आता तोंड. ठरवून गप्प बसता येत नाही, तोंडाला काम द्यावं लागतं. मी खिशात भाजलेले शेंगदाणे ठेवतो. डोळ्यांनाही काम देतो. चेंडू हातचा गेल्यावर लेक किती वेळा परत मागं पळते, तेवढंच बोटांवर मोजायचं. गोल मोजायला सगळेच असतात. एका सामन्यात तिनं एकही गोल केला नव्हता, पण ती अकरा वेळा मागं धावली होती. शेंगदाणे खात नसतो तर ते मला दिसलंच नसतं.

ओरडायचंच असेल तर गोष्ट झाल्यावर ओरडा, आधी नाही. "मार", "दे", "मागं ये" हे हुकूम सरांचे. आपल्या वाट्याला "शाब्बास" आणि "असू दे", तेही समोरच्या संघातल्या पोरानं चांगलं केलं तरी. "डोकं लाव" तर मुळीच नको. अमेरिकेत दहा वर्षांच्या आणि त्याखालच्या मुलांना चेंडू डोक्यानं मारायला बंदी आहे, इंग्लंडमध्ये प्राथमिक वयात त्याचा सरावच घेत नाहीत. कोवळ्या मेंदूची काळजी, दुसरं काही नाही.

रेफ्री बहुतेक वेळा कॉलेजातलं पोरगं असतं, मिळतो त्या मानधनात उन्हात पळणारं. त्याच्यावर "ऑफसाईड!" म्हणून खेकसण्याआधी एवढं पाठ करा. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक यांतून थेट आलेल्या चेंडूवर ऑफसाईड नसतो, स्वतःच्या अर्ध्या भागात उभ्या खेळाडूलाही नसतो. हे कळल्यापासून माझी निम्मी आरडाओरड आपोआप कमी झाली, कारण ती चुकीचीच होती.

पोराला बाकावर बसवलं तर सरांकडं त्याच दिवशी जायचं नाही. दोन दिवस जाऊ द्या, सराव संपल्यावर भेटा. "तिला का नाही खेळवलं?" असं विचारलं की सर आपली बाजू मांडू लागतात. "तिनं घरी कशाचा सराव करावा?" असं विचारलं की कामाचं सांगतात. माझ्या लेकीला डावा पाय, असं उत्तर मिळालं. महिनाभर गच्चीवर भिंतीला चेंडू मारून शेजाऱ्यांचा राग ओढवून घेतला.

लागलं तर

घोटा मुरगळला तर चोळू नका. तेल नको, ओळखीतला हाड बसवणारा तर नकोच. खेळ थांबवा, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, पाय उंच करा. पाय टेकवता येत नसेल तर एक्स-रे. डोक्याला मार बसला आणि पोर गोंधळलेलं दिसलं, उलटी झाली, डोकं दुखतं म्हणालं किंवा स्कोअर आठवेना, तर बाहेर काढा आणि डॉक्टरांना दाखवा. पाच मिनिटांनी "आता बरं वाटतंय" म्हणालं तरी त्या दिवशी परत आत पाठवू नका, अंतिम सामना असला तरी. इथं मात्र गप्प बसायचं नाही. सर किंवा संघ काहीही म्हणो, निर्णय तुमचा.

परतीची वाट

सगळ्यात अवघड भाग हाच. सामना हरलेला, पोर मागच्या सीटवर, आणि आपल्या डोक्यात चुकांची यादी तयार. दुचाकीचा इथं फायदा होतो. तोंडं एकमेकांकडं नसतात आणि हेल्मेटमधून धड ऐकूही येत नाही. विचारायचा एकच प्रश्न, "भूक लागली का?" सामन्याचा विषय पोरानं काढला तर ऐका आणि "हं" म्हणा. नाही काढला तर नाही.

रडू आलं तर येऊ द्या. एकदा रंकाळ्यापाशी गाडी थांबवून भेळ घेतली. अर्धी संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, ती सात नंबरची कसली पळत होती!" हरल्याचं दुःख होतंच, पण तिला ती सात नंबरची जास्त आठवत होती.

घरी आल्यावर बूट धुवायचे पोरानं, तुम्ही नाही. चिखल कोरडा झाला की एकमेकांवर आपटून झाडायचा, ओल्या फडक्यानं पुसायचं, आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवायचे. उन्हात ठेवले तर तळ सुटतो. सकाळी बोळे बदलायचे.