कोलकात्यात जुनं इंग्रजी पुस्तक घेताना

कॉलेज स्ट्रीटला जायचं तर रविवार टाळा. बोईपाड्यातली, म्हणजे या पुस्तकबाजारातली, बहुतेक दुकानं त्या दिवशी बंद असतात. महात्मा गांधी रोड मेट्रो स्टेशनवरून चालत पोचता येतं. फुटपाथवरच्या स्टॉलांत आता मुख्यतः गाइडं आणि प्रवेशपरीक्षांची पुस्तकं दिसतात. जुनं इंग्रजी काही आहे का विचारलं, की दादा आतून गठ्ठा काढतो आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून भाव ठरवतो. चेहरा कोरा ठेवायला पैसे पडत नाहीत.

कातडी बांधणी आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं बघून भुलू नका. व्हिक्टोरियन काळात लंडनमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे, किंमत 31 शिलिंग 6 पेन्स. एवढे पैसे मोजून ती विकत कोण घेणार? लोक मूडीच्या वाचनालयाची वर्षाला एक गिनी वर्गणी भरत आणि तिथून आणून वाचत. इकडे आलं ते बरंचसं स्वस्त पुनर्मुद्रण. मॅकमिलननं तर 1886 मध्ये खास हिंदुस्थान आणि वसाहतींसाठी ‘कलोनियल लायब्ररी’ काढली. अशी प्रत वाचायला उत्तम, पण मी तिला चार-पाचशे रुपयांवर जाणार नाही, विक्रेता तिच्या वयाचं कितीही कौतुक करो.

पैसे राखून ठेवायचे ते खुद्द कोलकात्यात छापून निघालेल्या पुस्तकांसाठी. किपलिंगचं ‘प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स’ 1888 साली इथल्या थॅकर, स्पिंक कंपनीनं काढलं. अशी प्रत हातात आली की आधी शेवटची पानं उघडा. पहिल्या छपाईच्या प्रतीत शेवटी प्रकाशकाच्या जाहिराती असतात आणि त्यांवर डिसेंबर 1887 ही तारीख असते. आता गंमत बघा. पुढे हौसेनं कातडी बांधणी करून घेताना बांधणारे ही जाहिरातींची पानं अनेकदा काढून टाकत. म्हणजे जी बांधणी दाखवून जास्त पैसे मागितले जातात, तिच्यातच पुरावा गेलेला असतो. मळक्या मूळ कापडातली, जाहिरातींसकट असलेली प्रत जास्त मोलाची.

किपलिंगचंच ‘डिपार्टमेंटल डिटीज’ 1886 मध्ये लाहोरला छापलं गेलं, सरकारी लखोट्यासारख्या रूपात. थॅकर, स्पिंकनं त्याच वर्षी काढली ती दुसरी आवृत्ती. तेव्हा ‘कोलकाता, 1886’ एवढ्यावर कुणी पहिली आवृत्ती म्हणू लागला तर मान डोलावू नका. व्हीलरच्या ‘इंडियन रेल्वे लायब्ररी’तली किपलिंगची सहा पुस्तकं अलाहाबादहून निघाली, किंमत एक रुपया, कागदी कव्हर. तशाच कव्हरात पुढे लंडनच्या सॅम्पसन लो कंपनीच्या प्रती आल्या, म्हणून कव्हरावर न जाता शीर्षकपान वाचा. प्रकाशकाचा पत्ताही उपयोगी पडतो: डिकन्सचे प्रकाशक चॅपमन अँड हॉल 1850 च्या सुमारास स्ट्रँडवरून पिकॅडिलीला गेले, तेव्हा पिकॅडिलीच्या पत्त्याचं ‘पिकविक’ 1837 चं असूच शकत नाही.

सगळ्यात जास्त फसवणूक ‘रुबायत’मध्ये होते. उमर खय्यामचं एक हस्तलिखित कॉवेल या प्राध्यापकाला कोलकात्यातच, एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात सापडलं. त्याची नक्कल त्यानं ‘रुबायत’चा इंग्रजी अनुवादक फिट्झजेराल्ड याला पाठवली. या अनुवादाची 1859 ची पहिली आवृत्ती अवघ्या 250 प्रतींची, किंमत एक शिलिंग, आणि तीही खपली नाही. फिट्झजेराल्डनं पुढे मजकूर बदलून आणखी तीन आवृत्त्या काढल्या. म्हणून नंतरच्या असंख्य पुनर्मुद्रणांवर ‘पहिली आवृत्ती’ असं छापलेलं असतं, पण तो उल्लेख मजकुराच्या पाठाचा असतो. छपाईचं साल कधीकधी विसाव्या शतकातलं निघतं.

मालक कोण होता, हे शोधायला खर्च जवळजवळ नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. मुखपृष्ठाच्या आतली बाजू उजेडाकडे तिरकी धरून बघा. तिथे नावाची चिठ्ठी, पुसलेली सही, शाळेच्या बक्षिसाचा कागद, कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढं विक्रेत्याचं लेबल, यांपैकी काहीतरी पुष्कळदा असतं. सहीत नाव आणि साल दोन्ही मिळाली तर ‘थॅकर्स डिरेक्टरी’ उघडा. त्या काळच्या कोलकात्यातल्या साहेबांची नावं, हुद्दे, पत्ते तिच्यात वर्षागणिक आहेत आणि कित्येक खंड इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश कुटुंबांसाठी ‘फिबिस’ संस्थेची सूचीही मोफत आहे. अनोळखी साहेबाच्या सहीनं किंमत फारशी वाढत नाही. वाढते ती लेखकाच्या किंवा नामांकित वाचकाच्या हस्ताक्षरानं. रियासतकार सरदेसायांचे स्नेही, इतिहासकार जदुनाथ सरकार यांची सही दिसली तर हरखून जाण्याआधी एक प्रश्न विचारा: त्यांचा संग्रह अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, मग हे पुस्तक बाहेर कसं? कुठल्याही ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि त्यावर रद्द केल्याचा शेरा नसेल, तर पुस्तक कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

भावासाठी एबबुक्स या संकेतस्थळावर त्याच आवृत्तीच्या प्रती बघाव्यात, पण तिथला आकडा विक्रेत्याच्या अपेक्षेचा असतो. पुस्तक खरोखर कितीला गेलं, ते लिलावांच्या निकालांत कळतं. रसेल स्ट्रीटवर रविवारी लिलाव होतात. फर्निचर, झुंबरांबरोबर कधी पुस्तकांचे गठ्ठेही निघतात. बोली लावण्याआधी वरचं कमिशन किती ते विचारून घ्या आणि गठ्ठा आदल्या दिवशी हाताळून या. मूल्यमापन करून घ्यायचं असेल तर फी ठरावीक असावी, किमतीच्या टक्क्यांत नको. आणि मूल्यमापन करणाराच ‘मीच घेतो’ म्हणाला तर पुस्तक पिशवीत घालून निघावं.

घरी आणल्यावर पहिला खर्च बांधणीवर करू नका. सेलोटेप तर लावूच नका. कसर असेल तर पुस्तक हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. वाचायच्या प्रती पाठवायला 2025 पासून पोस्टाची ‘ज्ञान पोस्ट’ सेवा आहे: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोला 100, कर वेगळा. पण ती जमिनीवरून सावकाश जाते. महागाची प्रत स्वतःच्या बॅगेत आणावी. परदेशातल्या मुलाला पाठवायची असेल तर 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आणि 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित किंवा दस्तऐवज या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, म्हणून कुरियरवाल्याकडे जाण्याआधी पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात चौकशी करा.