बाळाचे हृदय घडते तेव्हा

"ग्रहणात विळीवर भाजी चिरली होतीस का गं?"

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे असे डॉक्टरांनी सांगितले की वस्तीत आईला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही तो ऐकला, आता वस्त्यांतून फिरतानाही ऐकतो. आई मान खाली घालून बसते. तिच्याकडे उत्तर नसते. पण विज्ञानाकडे आहे, आणि ते प्रत्येक घरात पोहोचायला हवे.

गर्भात सर्वांत आधी कामाला लागणारा अवयव म्हणजे हृदय. गर्भधारणेनंतर साधारण २२व्या दिवशी ते धडधडू लागते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो. कित्येक बायांना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते.

सुरुवातीला गर्भ म्हणजे पेशींची पातळ चकती. तिच्या मधल्या थरातून दोन बाजूंचे पेशींचे पट्टे पुढे सरकतात, मध्ये एकमेकांना जुळतात आणि एक नळी तयार होते. ही नळी उजवीकडे वळते, फुगते, आत पडदे वाढतात आणि आठ आठवड्यांच्या सुमारास चार कप्प्यांचे हृदय तयार होते. मासा, कोंबडी, उंदीर, माणूस, पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांत सुरुवात अशीच होते. उबवलेल्या कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी उडणारा लाल ठिपका दिसतो, तो म्हणजे पिल्लाचे हृदय.

आता खरा प्रश्न. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुके सारखीच असतात. मग एक पेशी कातडीची होते आणि दुसरी हृदयाचा स्नायू होते, ती कशी?

मजूर नाक्यावर सकाळी शंभर माणसे उभी असतात. मुकादम येतो आणि आज गवंडी हवा की रंगारी, ते पाहून माणसे बोलावतो. पेशीतही असे मुकादम असतात. ती विशिष्ट प्रथिने आहेत. त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. ती जनुकांच्या धाग्यावर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि कोणते जनुक कामाला लावायचे, कोणते बसवून ठेवायचे, ते ठरवतात. हृदयाचे मुख्य मुकादम म्हणजे एनकेएक्स२-५, गाटा४, टीबीएक्स५, मेफ२सी आणि हँड२. ते एकेकटे काम करत नाहीत. एकाच जनुकापाशी दोघे-तिघे मिळून बसले, की आकुंचन पावणाऱ्या स्नायूची प्रथिने भराभर तयार होऊ लागतात.

त्यांची ताकद किती? २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी उंदराच्या, स्नायू नसलेल्या साध्या तंतुपेशींत गाटा४, मेफ२सी आणि टीबीएक्स५ हे तिघेच कामाला लावले. त्यातल्या काही पेशी हृदयाच्या स्नायूपेशींसारख्या वागू लागल्या. उलट, ज्या उंदरांत एनकेएक्स२-५ मुळीच नव्हता, त्यांच्या हृदयाची नळी नीट वळलीच नाही आणि ते गर्भातच दगावले.

माणसात बहुधा पूर्ण अभाव नसतो, निम्मी कमतरता असते. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातली एक बिघडली तर मुकादम निम्मेच हजर होतात आणि पडदा अपुरा राहतो. तेच हृदयातले छिद्र. टीबीएक्स५ बिघडला तर छिद्राबरोबर अंगठा किंवा हाताचे हाडही वेगळे असू शकते, कारण हात घडवण्यातही त्याचा वाटा असतो. म्हणून अंगठ्यात जन्मतः दोष असलेल्या बाळाचे हृदय तपासून घ्यावे. हा बिघाड वडिलांकडूनही येतो, आणि कधी आई-वडील दोघांतही नसताना बाळात नव्याने होतो. बऱ्याच बाळांत नेमके कारण सापडतही नाही. पण या सगळ्या साखळीत विळी कुठेच नाही आणि ग्रहणही नाही.

दर हजार जन्मांत साधारण आठ-नऊ बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो. सगळे दोष टाळता येत नाहीत, पण काही धोके कमी करता येतात. हृदय पाळी चुकताच घडू लागते, म्हणून तयारी दिवस जाण्याआधीच करायची. मुला-मुलींना गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस द्या. गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला तर बाळाचे हृदय, डोळे, कान बिघडू शकतात. साखरेचा आजार असेल तर आधी साखर ताब्यात आणा. फिट्सच्या किंवा इतर कायमच्या गोळ्या मनाने बंद करू नका, मूल हवे असे ठरले की डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्या. दारू आणि तंबाखू दूर ठेवा, घरातल्या पुरुषांनीही. १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

बाळ दूध पिताना दमत असेल, कपाळाला घाम येत असेल, वजन वाढत नसेल, वारंवार न्यूमोनिया होत असेल, तर लगेच तपासा. ओठ किंवा जीभ निळी दिसली तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते आणि पुढच्या उपचाराची सोयही आहे. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारा. काही लहान छिद्रे आपोआप बुजतात, बाकीच्यांवर शस्त्रक्रिया होते आणि मुले शाळेत धावतात.

पुढच्या वेळी कुणी आईला विळीबद्दल विचारले, तर शेजारच्या बाईने उत्तर द्यावे, "तेव्हा तिला दिवस गेल्याचेही माहीत नव्हते. आता सांगा, बाळाला दवाखान्यात न्यायला सोबत कोण येतंय?"