गोमंतकातील नाताळ

गोमंतकातील ख्रिस्ती घरांत नाताळची चाहूल प्रथम स्वयंपाकघरात लागते. नारळाचा रस, तांदळाचे पीठ व गूळ यांचा दोदोल घोटताना हात भरून येतात. पण क्षणभर थांबले, की तो तळाशी लागलाच! मुले कामट्या व रंगीत कागद यांचा तारा करतात, बाळ येशूसाठी गवताचा गोठा रचतात. २४ डिसेंबरच्या मध्यरात्री नवे कपडे घालून सारे कुटुंब चर्चमध्ये जाते.

शेजाऱ्यांसाठी दोदोल, बेबिंक आणि नेवऱ्या यांची ताटे भरतात. नेवरी म्हणजे घाटावरची करंजीच! कापडाने झाकलेली ही भेट, म्हणजे ‘कोन्सुआद’, मुले घरोघरी पोचवतात. हिंदू शेजाऱ्यांचा फराळ दिवाळीत त्यांच्याकडे आलेलाच असतो. ज्या घरी त्या वर्षी कोणी निवर्तले असेल, तेथे गोडधोड शिजत नाही. शेजाऱ्यांची ताटे मात्र तेथे न चुकता येतात.